विहिरीला तासाला पाणी किती येतंय: उड्या मारणाऱ्या रीडिंगमधून खरा रेट काढायची रीत

आपल्याकडं आता बऱ्याच विहिरींवर अल्ट्रासॉनिक सेन्सर (वरून आवाज सोडून, त्याचा इको म्हणजे प्रतिध्वनी पाण्यावरून परत यायला किती वेळ लागला त्यावरून लेव्हल काढणारे) बसायला लागलेत. डिप्लोमा-इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्ट म्हणून बसवतात, काही मोसंबीवाले ड्रिपचं टायमिंग ठरवायला स्वतःच करून घेतात. लेव्हल मोबाईलवर दिसायला लागली की पुढचा प्रश्न सगळीकडं सारखाच येतो, अंबडला जा नाहीतर औशाला, शेतकरी विचारतो, "सर, लेव्हल दिसली, पण तासाला पाणी किती येतंय ते सांगा की." म्हणजे त्याला लेव्हल बदलायचा वेग पाहिजे, गणितात ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणतात तो. आणि पोरं काय करतात, शेजारच्या दोन रीडिंगची वजाबाकी करून मिनिटांनी भागतात आणि जो ग्राफ येतो तो नुसता वर-खाली उड्या मारायलाय, त्यातून काहीच कळत नाही. मग कुणीतरी सांगतं की आधी स्मूदिंग कर, म्हणजे उड्या मारून ग्राफ गुळगुळीत कर, मग पोरगा कुठला तरी मूव्हिंग अॅव्हरेज (शेजारच्या काही रीडिंगची सरकती सरासरी) लावतो, ग्राफ दिसायला बरा होतो, पण आकडा बरोबर आला का हे कुणी तपासत नाही. ती पूर्ण रीत इथं लिहितोय, एक्सेलवाल्यांना पण जमेल आणि पायथनवाल्यांना पण.

आधी रोग समजून घ्या

मिनिटाला एक अशी ही पाच रीडिंग घ्या, तळापासून पाण्याची उंची, सेंटिमीटरमध्ये: १४२.०, १४२.६, १४२.१, १४३.१, १४२.९. मोटार बंद आहे, विहीर हळूहळू भरायलीय. शेजारच्या वजाबाक्या करा: ०.६, उणे ०.५, १.०, उणे ०.२. म्हणजे एका मिनिटाला विहीर भरली, दुसऱ्याला आटली, तिसऱ्याला जोरात भरली, चौथ्याला परत आटली. असं कुठल्याच विहिरीत होत नसतंय.

झालं काय, तर वजाबाकी करताना १४२ हा मोठा, भरवशाचा भाग उडून जातो आणि दोन्ही रीडिंगमधली गडबड मात्र शिल्लक राहते, उलट ती एकत्र येऊन १.४१ पट होते. समजा एका रीडिंगमधली गडबड अर्धा सेंटिमीटर आहे (हिला पुढं सिग्मा म्हणू), तर एका मिनिटाच्या वजाबाकीत ती ०.७ सेंमी प्रति मिनिट झाली. विहिरीचा खरा रेट आहे समजा ०.२ सेंमी प्रति मिनिट, म्हणजे तासाला १२ सेंमी. खऱ्या आकड्यापेक्षा गडबड साडेतीन पट मोठी. आणि "जास्त रीडिंग घेऊ म्हणजे बरं येईल" म्हणून तुम्ही दर १० सेकंदाला रीडिंग घ्यायला लागलात आणि शेजारचीच वजाबाकी करत राहिलात तर गडबड ४.२ वर जाते, कारण भागायचा वेळ लहान झाला. रीडिंग वाढवली आणि उत्तर बिघडलं, हे ज्यांना पहिल्यांदा दिसतं ते सेन्सर बदलायला धावतात. सेन्सरचा तिथं काही दोष नसतो.

हे फक्त विहिरीचंच नाही. पैठणचा नाथसागर पूर्ण भरल्यावर त्याचं क्षेत्र साधारण ३५० चौरस किलोमीटर असतं. एवढ्या पाण्यावर १ सेंटिमीटर म्हणजे ३५ लाख घनमीटर. तासातासाच्या लेव्हलची नुसती वजाबाकी करून आवक काढली आणि एका रीडिंगला वाऱ्याच्या लाटेनं १ सेंमीची चूक झाली, तर आवकेत चूक किती? ३५ लाख भागिले ३६०० म्हणजे सेकंदाला ९७२ घनमीटर, जवळजवळ ३४ हजार क्युसेक. गोदावरीला पूर आला असं कागदावर दिसेल आणि नदीत काहीच नसेल. लेव्हलमध्ये एक सेंमी म्हणजे काहीच नाही, पण वेग काढताना तोच सेंमी डोंगर होतो.

पहिलं काम: कच्चा डेटा जसाच्या तसा साठवा

बरेच जण आर्डुइनोमध्येच (सेन्सर जोडायच्या छोट्या बोर्डात) अंतर काढून, राउंड करून, पूर्ण सेंटिमीटरमध्ये साठवतात. असं करू नका. इको यायला लागलेला वेळ मायक्रोसेकंदात साठवा, सोबत तारीख-वेळ आणि हवेचं तापमान. १ सेंमी अंतराला साधारण ५८ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे मिलिमीटरचा फरक पण त्यात शिल्लक राहतो. पूर्ण सेंमीला राउंड केलं की ग्राफ पायऱ्यांचा होतो, पाच-पाच मिनिटं लेव्हल हलतच नाही आणि मग एकदम १ सेंमी उडी, वेग काढला तर शून्य, शून्य, शून्य आणि मधेच एक सुळका. ती माहिती एकदा फेकून दिली की कुठलंच स्मूदिंग ती परत आणू शकत नाही.

प्रत्येक रीडिंगला एकच पिंग (सेन्सरनं एकदा सोडलेला आवाज) घेऊ नका, पंधरा-वीस पिंग घ्या, पण त्यांचं अॅव्हरेज न काढता मीडियन घ्या. म्हणजे चढत्या क्रमानं लावून मधला. एखादा पिंग भिंतीवर आपटून आला तरी मीडियनला फरक पडत नाही.

आणि वेळ तपासा. लाईट गेली, राउटर बंद पडला, मेमरी कार्ड भरलं, की मधली रीडिंग गायब होतात, आणि आपण मात्र "ओळ क्रमांक म्हणजे मिनिट" धरून भागाकार करत बसतो. शेजारच्या ओळींमधला वेळेचा फरक एका कॉलममध्ये काढून वरपासून खालपर्यंत बघून घ्या, कुठं दोन मिनिटांपेक्षा जास्त आलंय का.

दुसरं काम: तापमानाची दुरुस्ती, स्मूदिंगच्या आधी

ह्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण उन्हाळ्यात आपल्या भागात हीच सगळ्यात जास्त फसवते. आवाजाचा वेग तापमानावर असतो: ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले सेल्सिअसमधलं तापमान, उत्तर मीटर प्रति सेकंद. म्हणजे एका अंशाला साधारण ०.१७ टक्के. सेन्सरपासून पाणी ४ मीटरवर असेल तर एका अंशाला ०.७ सेंमी. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत सेन्सरखालची हवा १० अंशांनी तापली तर ७ सेंमीचा फरक, आणि पाणी जागचं हललेलं पण नसतं!

दिशा पण बघा. हवा तापली की आवाज पळत येतो, इको लवकर मिळतो, सेन्सरला वाटतं अंतर कमी झालं, म्हणजे पाणी वर आलं. सहा तासात ७ सेंमी म्हणजे तासाला जवळजवळ १.२ सेंमी खोटा भराव. पावसाळ्यानंतर विहीर तासाला १२ सेंमी भरते तेव्हा ही १० टक्क्यांची चूक झाली, पण मे महिन्यात जेव्हा तासाला २ सेंमीच दिसतंय तेव्हा निम्म्याहून जास्त पाणी हवेतलंच निघतं, आणि शेतकरी त्या भरवशावर अजून एक वाफा भिजवायला घेतो. संध्याकाळी उलटं होतं, येणारं पाणी कमी दिसतं.

ही गडबड हळू आणि एकाच दिशेनं जाणारी असते. स्मूदिंग फक्त वर-खाली होणारी गडबड मारतं, अशी सरकणारी चूक त्याच्या हातून सुटते, कितीही मोठी विंडो (एका वेळी हिशोबात घेतलेली सलग रीडिंग) लावा. म्हणून सेन्सर आणि पाणी यांच्या मधल्या हवेत, ऊन लागणार नाही असा, एक डीएस१८बी२० (तापमान मोजायचा सेन्सर) लटकवा, त्या तापमानावरून वेग काढा, वेग गुणिले वेळ भागिले दोन करून अंतर काढा, आणि मग पुढं जा. प्रेशर सेन्सर वापरत असाल तर तिथं हवेचा दाब हाच त्रास देतो, एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण १ सेंमी पाणी, त्यामुळं व्हेंट नळीवाली केबल नसेल तर हवेचा दाब वेगळा मोजून वजा करावा लागतो.

तिसरं काम: वेडीवाकडी रीडिंग बाजूला काढा

विहिरीत पारवे असतात, मोटारीचा पाईप असतो, कपारीतून आलेली झुडपं असतात. पारवा सेन्सरखालून गेला की पाणी एकदम दीड मीटर वर आलेलं दिसतं. असं एक जरी रीडिंग विंडोत राहिलं तर अॅव्हरेज आणि स्लोप (उतार) दोन्ही आपल्याकडं ओढून नेतं, म्हणून हे काम स्मूदिंगच्या आधीच करायचं.

रीत सोपी आहे. प्रत्येक रीडिंगसाठी त्याच्या मागची पाच, ते स्वतः आणि पुढची पाच अशी अकरा रीडिंग घ्या, त्यांचा मीडियन काढा. मग त्या अकरांपैकी प्रत्येकाचं मीडियनपासूनचं अंतर काढा (चिन्ह सोडून), त्या अंतरांचा परत मीडियन घ्या, त्याला १.४८२६ नं गुणा. ही झाली गडबडीची भक्कम मोजणी, जी एका पारव्यानं हलत नाही. आपलं रीडिंग मीडियनपासून ह्याच्या तिपटीपेक्षा लांब असेल तर ते काढून टाका. ह्याला हॅम्पेल फिल्टर म्हणतात. काढलेल्या जागी काही भरू नका, सेल रिकामा ठेवा, एक्सेलचं स्लोप फंक्शन रिकामा सेल सोडून देतं. पायथनमध्ये पुढं सॅव्हगोल (सातव्या कामातला फिल्टर) वापरायचं असेल तर त्याला रिकामं चालत नाही, एक-दोन रीडिंगची भोकं सरळ रेषेनं भरून घ्या, पण अर्ध्या तासाचं भोक असेल तर भरू नका, तिथं डेटाचे दोन तुकडे करा.

चौथं काम: गडबड किती आहे ते मोजा

बहुतेक जण हे टाळतात आणि मग विंडो ५ ठेवू का ५० यावर अंदाजपंचे चालतं. सिग्मा माहीत असला की विंडोचा आकडा गणितानंच निघतो.

एक्सेलमध्ये बी कॉलमला लेव्हल असेल तर शेजारी असं काढा: वरचं रीडिंग, वजा मधल्याची दुप्पट, अधिक खालचं रीडिंग. विहीर सरळ रेषेत भरत असेल तर खऱ्या पाण्याचं उत्तर इथं शून्य येतं, उरते फक्त गडबड. ह्या कॉलमचं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) काढून २.४५ नं भागा, कारण सहाचं वर्गमूळ २.४५. झाला सिग्मा. मोटार बंद असतानाचाच तुकडा यासाठी वापरा.

यात एक अट आहे. शेजारच्या रीडिंगमधली गडबड एकमेकांपासून सुटी पाहिजे. मोटारीचं पाणी परत विहिरीत पडत असेल किंवा लॉगर (रीडिंग साठवणारं यंत्र) स्वतःच सरकतं अॅव्हरेज घेऊन साठवत असेल तर शेजारची रीडिंग एकाच दिशेनं चुकतात आणि सिग्मा खऱ्यापेक्षा लहान निघतो. खात्री करायची तर पहाटे, जेव्हा पाणी शांत आणि लेव्हल जवळजवळ स्थिर असते, तेव्हाच्या तासाभराच्या रीडिंगचं साधं स्टँडर्ड डेव्हिएशन काढून दोन्ही ताडून बघा.

पाचवं काम: मोटार चालू-बंद झाली तिथं डेटा कापा

विंडो कधीही स्टार्टरच्या वेळेवरून पलीकडं जाऊ द्यायची नाही. समजा मोटार चालू असताना लेव्हल मिनिटाला २ सेंमी उतरत होती आणि बंद झाल्यावर ०.२ नं चढायला लागली. विंडोचा अर्धा भाग अलीकडं आणि अर्धा पलीकडं असेल तर स्लोप येणार दोन्हीचं अॅव्हरेज, उणे ०.९. असा वेग त्या विहिरीत एक मिनिटभर पण नव्हता. आणि विंडो जितकी मोठी तितका वेळ हा खोटा उतार दिसत राहतो, मग पोरं त्याला काहीतरी अर्थ लावत बसतात की मोटार बंद झाल्यावर पण पाणी झिरपून जातंय वगैरे.

थ्री फेज लाईट ठरलेल्या तासांनाच असते आणि त्यात पण मधे ट्रिप होते, त्यामुळं वहीतल्या नोंदीवर पूर्ण भरवसा ठेवू नका. स्टार्टरच्या वायरला एक करंट सेन्सर लावून चालू-बंदची वेळ त्याच लॉगरमध्ये घ्या. ते नसेल तर पाच-पाच रीडिंगचा स्लोप काढा, जिथं तो उणे १ च्या खाली जातो तिथं मोटार चालू, जिथून परत वर येतो तिथं बंद. बंद झाल्यावरची पहिली दोन-चार मिनिटं पण सोडून द्या, पाणी हेलकावत असतं.

सहावं काम: विंडो किती ठेवायची

आता मुख्य मुद्दा. नेहमीची पद्धत अशी असते की आधी मूव्हिंग अॅव्हरेज लावायचं आणि मग त्या गुळगुळीत कॉलमची शेजारची वजाबाकी करायची. हे नीट उलगडून बघा. ३१ रीडिंगचं अॅव्हरेज घेतलं, एक पुढच्या मिनिटाचं आणि एक मागच्या मिनिटाचं, आणि वजा केलं. दोन्ही अॅव्हरेजमध्ये बहुतेक रीडिंग सारखीच आहेत, ती कटून जातात. उरतात फक्त शेवटची दोन आणि सुरुवातीची दोन! म्हणजे तुम्ही तेहतीस रीडिंग घेतली आणि उत्तर ठरवलं चार रीडिंगनी. मधल्या सगळ्यांची मेहनत वाया. त्यापेक्षा त्या ३१ रीडिंगमधून एक सरळ रेषा बसवली आणि तिचा उतार घेतला तर प्रत्येक रीडिंगला मत मिळतं, टोकाच्यांना जास्त, मधल्यांना कमी. हिशोब केला तर ३१ च्या विंडोत अॅव्हरेज-मग-वजाबाकीनं गडबड सिग्मा भागिले ३१ उरते, आणि रेषेच्या उतारानं सिग्मा भागिले जवळजवळ ५०. डेटा तोच, विंडो तीच.

म्हणून माझं सांगणं हे की स्मूदिंग वेगळं आणि डेरिव्हेटिव्ह वेगळं असं करूच नका, विंडोत रेषा बसवा आणि उतार घ्या, दोन्ही कामं एकदमच होतात. काही जण वाद घालतात की स्मूदिंग आधी का नंतर. रीडिंग समान अंतरावर असतील आणि फिल्टर साधा वजनांचा (प्रत्येक रीडिंगला ठरलेल्या आकड्यानं गुणून बेरीज करणारा) असेल तर आधी करा का नंतर, कडा सोडल्या तर उत्तर एकच येतं. आधी करणं सक्तीचं आहे ते फक्त पारवे काढायचं काम, कारण मीडियनला हा नियम लागू होत नाही.

वरची पाच रीडिंग घेऊन हातानं करून बघू. वजनं उणे २, उणे १, ०, १, २, आणि भागायचं १० नं. म्हणजे शेवटचं वजा पहिलं, ०.९, त्याची दुप्पट १.८, त्यात चौथं वजा दुसरं, ०.५, एकूण २.३, भागिले १० म्हणजे ०.२३ सेंमी प्रति मिनिट. ०.६, उणे ०.५, १.०, उणे ०.२ अशा गोंधळातून ०.२३ निघालं. अर्थात पाच रीडिंगच्या उतारात गडबड सिग्मा भागिले ३.१६ असते, म्हणजे ०.१६, तेव्हा हा आकडा जवळचा आलाय पण त्यावर विसंबता येत नाही.

मिनिटाला एक रीडिंग असेल तर सिग्माला कितीनं भागायचं ते बघा: ११ रीडिंगला १०.५, २१ ला २७.७, ३१ ला ४९.८, ६१ ला १३७.५. विंडो दुप्पट केली की गडबड जवळजवळ २.८ पट कमी होते. आता उलट बाजूनं हिशोब करा. रेट ०.२ आहे, मला ५ टक्क्यांपर्यंत पाहिजे, म्हणजे गडबड ०.०१ चालेल. सिग्मा ०.५. भाग पाहिजे ५० चा. म्हणजे ३१ रीडिंग, अर्धा तास. मोटार चालू असताना मात्र उतार मिनिटाला २ सेंमीचा असतो, तिथं ११ रीडिंगनीच गडबड ०.०४८ वर येते, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आत. तेव्हा एकाच विहिरीला, एकाच दिवसात, उपशाला ११ ची आणि भरायला ३१ ची विंडो लागते. सगळीकडं एकच आकडा लावायची सवय मोडा.

मग दोन तासांचीच विंडो का नको? विंडो फार मोठी केली की रेषा खऱ्या वळणाला बसत नाही. विहीर भरताना सुरुवातीला झरे जोरात असतात आणि पाणी चढत जाईल तसा वेग कमी होत जातो, कारण आजूबाजूच्या मुरमातल्या पाण्याची आणि विहिरीतल्या पाण्याची पातळी जवळ येते. हा वेग समजा पाच तासांत साधारण एक तृतीयांशावर येतोय, तर दोन तासांच्या विंडोनं वळणामुळं होणारी चूक अर्ध्या टक्क्याच्याही आत राहते. म्हणजे तुकडा मोठा असेल, रात्रभर मोटार बंद असेल, तर दोन तास खुशाल ठेवा. खरी मर्यादा तुकड्याच्या लांबीचीच येते, लाईट दीड तासानं परत आली तर दोन तासांची विंडो बसणार कुठं. जिथं झरा अचानक उघडा पडतो, म्हणजे पाणी एखाद्या कपारीच्या खाली गेल्यावर वेग एकदम बदलतो, तिथं पण मोठी विंडो ती जागा पुसून टाकते, आणि बऱ्याचदा तीच माहिती सगळ्यात कामाची असते.

एक्सेलमध्ये: ए कॉलमला वेळ, बी ला लेव्हल, डेटा दुसऱ्या ओळीपासून. १७ व्या ओळीत स्लोप फंक्शन लिहा, आधी बी २ ते ३२, मग ए २ ते ३२, आणि खाली ओढा. ३१ ओळींची मधली ओळ १७ वी, म्हणून उत्तर तिथंच लिहायचं. एक्सेल वेळ दिवसात मोजतं, त्यामुळं उत्तर सेंमी प्रति दिवस येतं. तासाचं पाहिजे तर २४ नं भागा, मिनिटाचं पाहिजे तर १४४० नं.

सातवं काम: पायथनमध्ये सॅव्हगोल

सॅव्हिट्स्की आणि गोले हे दोघं पर्किन-एल्मर कंपनीत काम करायचे, त्यांनी १९६४ साली ही वजनं टेबलात छापली म्हणून नाव त्यांचं. त्या टेबलात काही चुका होत्या, १९७२ मध्ये दुसऱ्यांनी त्या दुरुस्त करून छापल्या, त्यामुळं जुन्या टेबलातून वजनं उतरवून घेण्यापेक्षा प्रोग्रॅमकडूनच काढून घ्या. पायथनच्या सायपाय लायब्ररीतल्या सिग्नल भागात सॅव्हगोल फिल्टर आहे. विंडो लेंथ ३१ (विषम आकडा द्या, म्हणजे मधलं रीडिंग नक्की राहतं), पॉलीऑर्डर २ (बसवायच्या वक्राचा घात, १ म्हणजे सरळ रेषा), डेरिव्ह १ (म्हणजे लेव्हल नको, तिचा वेग पाहिजे), आणि डेल्टा म्हणजे दोन रीडिंगमधला वेळ. डेल्टा दिला नाही तर तो १ धरतो. रीडिंग दर १० सेकंदाला असतील आणि उत्तर प्रति मिनिट पाहिजे तर डेल्टा एक-षष्ठांश द्यावा लागतो, नाहीतर रेट सहा पट कमी निघेल आणि ग्राफचा आकार बरोबर असल्यामुळं चूक लक्षात पण येणार नाही.

पॉलीऑर्डर १ आणि २ चं मधल्या रीडिंगला डेरिव्हेटिव्ह सारखंच येतं. ३ केलं की वळणं जास्त चांगली धरतो, पण त्याच विंडोत गडबड साधारण अडीच पट वाढते. विहिरीच्या भरावाला ३ ची गरज पडत नाही.

रीडिंग समान अंतरावर नसतील तर सॅव्हगोल चालत नाही, तिथं स्लोपच बरा, किंवा स्मूदिंग स्प्लाइन (तुकडे जोडून केलेला गुळगुळीत वक्र). स्प्लाइनला "किती गुळगुळीत" हा आकडा द्यावा लागतो, तो साधारण रीडिंगची संख्या गुणिले सिग्माचा वर्ग असा ठेवा, चौथं काम इथं परत कामाला येतं. लोएस (जवळच्या रीडिंगला जास्त वजन देऊन रेषा बसवायची रीत) पण चालतं. बटरवर्थ (भराभर होणारे चढउतार गाळणारा फिल्टर) लावणार असाल तर सायपायच्याच फिल्टफिल्टनं पुढून-मागून दोनदा चालवा, एकदाच चालवलं तर सगळा ग्राफ वेळेत मागं सरकतो.

कडा आणि लाईव्ह आकडा

तुकड्याच्या दोन्ही टोकांना अर्धी विंडो बाहेर जाते. सॅव्हगोल तिथं शेवटच्या विंडोत बसवलेला वक्र टोकापर्यंत ओढून उत्तर देतो, आणि पॉलीऑर्डर २ असेल तर अगदी टोकाला गडबड मधल्यापेक्षा साधारण ४ पट असते. म्हणून ३१ च्या विंडोला दोन्हीकडची १५-१५ रीडिंग ग्राफवर दाखवायचीच नाहीत, किंवा फिकट रंगात दाखवायची.

मोबाईलवर "आत्ताचा रेट" दाखवायचा असेल तर मोठी अडचण, कारण पुढची रीडिंग आलेलीच नसतात. मागच्या ३१ मिनिटांची रेषा बसवा आणि उतार दाखवा, पण तो आकडा खरं तर १५ मिनिटांपूर्वीचा आहे. स्क्रीनवर आकड्याखाली तीच वेळ लिहा, आत्ताची लिहू नका. सकाळी मोटार कधी चालू करायची हे ठरवायला १५ मिनिटांपूर्वीचा आकडा पुरतो.

तपासणी

गुळगुळीत ग्राफ बघून समाधान मानू नका. काढलेला रेट परत जोडत जा, मिनिटाचा रेट गुणिले मिनिट असं पहिल्या लेव्हलमध्ये मिळवत जा, आणि तयार होणारी लेव्हल मूळ लेव्हलवर ठेवून बघा. दोन्हीतला फरक शून्याच्या आसपास वर-खाली झाला पाहिजे, त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन सिग्माच्या जवळ पाहिजे. फरक सलग एकाच बाजूला राहत असेल, विशेषतः स्टार्टरच्या वेळेजवळ, तर विंडो मोठी आहे किंवा तुकडा चुकीच्या जागी कापलाय. फरक सिग्मापेक्षा बराच लहान असेल तर विंडो इतकी लहान आहे की तुम्ही गडबडीलाच रेट समजताय.

दुसरी तपासणी खोट्या डेटावर. एक्सेलमध्येच ०.२ नं चढणारी लेव्हल तयार करा, तिच्यात सिग्मा ०.५ ची रँडम गडबड मिसळा, आणि तुमची सगळी शीट तिच्यावर चालवा. ०.२ च्या आसपास, ०.०१ च्या फरकानं उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर वेळेचं युनिट आधी बघा. आणि तिसरी, टेपला वजन बांधून विहिरीत सोडा, दोन तासांच्या अंतरानं दोनदा मोजा, त्या फरकाशी सेन्सरचा रेट जुळतो का बघा. तापमानाची चूक राहिली असेल तर ती फक्त ह्याच तपासणीत सापडते.

लिटरमध्ये आणताना

६ मीटर व्यासाच्या गोल विहिरीचं क्षेत्र २८.३ चौरस मीटर, म्हणजे १ सेंमीला २८३ लिटर. तासाला १२ सेंमी म्हणजे जवळजवळ ३,४०० लिटर, आणि ५ टक्के गडबड धरली तर १७० लिटर अलीकडं-पलीकडं. शेतकऱ्याला हे दोन्ही आकडे सांगा, "तीन हजार दोनशे ते तीन हजार सहाशेच्या मधे" असं सांगितलं की त्याला ड्रिपचा हिशोब बसवता येतो.

पण व्यास वरच्या कठड्यावर मोजू नका. बांधकामाच्या खाली, कातळात, विहीर बऱ्याचदा अरुंद आणि वाकडी असते. व्यासात ५ टक्क्यांची चूक झाली तर क्षेत्रात १० टक्क्यांची होते, म्हणजे विंडोवर घेतलेल्या सगळ्या मेहनतीपेक्षा जास्त चूक एका टेपनं आत येते. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर, ज्या पातळीत भराव मोजताय त्या पातळीला दोन दिशांनी व्यास मोजून घ्या, दर मीटरला वेगळा लिहून ठेवा, आणि लिटर काढताना त्या-त्या लेव्हलचंच क्षेत्र वापरा.